दादाराव गजभियेंची निळी काच

नोएडातल्या बाटल्यांच्या कारखान्यात विक्रांत पानसे नावाचा इंजिनीयर रुजू झाला तो मार खाऊनच. पहिला दिवस, पहिला तास. पुण्याहून आलेला सव्वीस वर्षांचा, इस्त्रीच्या शर्टातला हा मुलगा भट्टीच्या चौथऱ्यावर चढला. तिथे एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस भिंतीतल्या भोकातून आत बघत उभा होता. विक्रांतने त्याला कोपराने जरा बाजूला सारलं आणि म्हणाला, "काका, हे डोळा लावून बघणं आता बंद करायचं. उद्यापासून मीटर लागतायत."

काकांनी हातातली वस्तू आधी खाली नीट ठेवली, मग वळून कानशिलात अशी लगावली की इंजिनीयरसाहेबांचा चष्मा उडून खालच्या वाळूच्या ढिगात गेला. चष्मा शोधायला दोन माणसं लागली. सापडला तेव्हा त्याची एक काडी मोडली होती.

हे दादाराव गजभिये. भंडारा जिल्ह्यात, पवनीजवळच्या एका खेड्यात जन्म. बाप तेंदूपत्ता तोडायला जायचा. दादाराव नागपूरकडच्या एका काचकारखान्यात कोळसा ओढायला लागले आणि दहा वर्षांत भट्टीवाले झाले. १९८३ साली फुटलेल्या बाटलीची चिप डाव्या डोळ्यात शिरली आणि तो डोळा गेला. दादाराव पट्टी बांधून पाचव्या दिवशी कामावर हजर. शहाऐंशी साली नोएडात नवे कारखाने उभे राहत होते, भट्टी कळणारी माणसं मिळत नव्हती. दादाराव बायको मीराबाई आणि तान्ह्या मैत्रीला घेऊन आले. एका डोळ्याचा माणूस बघून मालक कुरकुरला तेव्हा ते म्हणाले होते, "दुकान एकच है साब, लेकिन माल पूरा है." मालक हसला आणि त्याने त्यांना ठेवून घेतलं.

त्या थपडेनंतर त्यांची नोकरी जायला हवी होती. ती गेली नाही, कारण सरळ आहे. ब्याण्णव-त्र्याण्णवचे दिवस होते. नवी धोरणं आली होती, नवे सेक्टर वसत होते आणि सगळ्या उत्तर हिंदुस्थानाला एकाएकी थंडगार बाटली प्यायची तहान लागली होती. कारखाना रोज लाखाच्या वर बाटल्या काढत होता, आणि ती भट्टी दादारावांशिवाय कोणाचं ऐकत नव्हती. मालकाने इंजिनीयरला आत बोलावून समजावलं की बुड्ढा थोडा गरम है, पण सोना है. मीटर मात्र बसले.

भट्टी म्हणजे मोठ्या खोलीएवढी विटांची टाकी. तिच्यात साठ टन वितळलेली काच. एका टोकाने वाळू, सोडा, चुनखडी आत पडते, दुसऱ्या टोकाने लालभडक रस साच्यांकडे निघतो. आत पंधराशे अंश. ही भट्टी होळीला विझत नाही, दिवाळीला विझत नाही. एकदा विझली की आतली काच गोठते आणि टाकीच्या चिरफळ्या होतात. म्हणून सहा-सात वर्षं ती अखंड पेटती ठेवायची, आणि तेवढी सगळी वर्षं ती आतून भिंती खात असते.

दादारावांचं काम बघण्याचं. त्यांच्याकडे वीतभर लांबीची, लाकडी चौकटीत बसवलेली गर्द निळी काच होती. थप्पड मारण्याआधी खाली ठेवली ती हीच. नुसत्या डोळ्यांनी भट्टीत बघाल तर पिवळ्या झगमगाटाशिवाय काही दिसत नाही. निळी काच तो झगमगाट मारते, आणि मग आतला रस दिसतो, त्याच्यावर तरंगणारे वाळूचे ढीग दिसतात, फेसाची रेघ कुठे आहे ते दिसतं. रेघ हातभर सरकली की दादारावांच्या पोटात कळे की आत काहीतरी बिघडलंय.

दुसरं बघणं बाहेरून. टाकीखाली एक अरुंद बोळ होता. दादाराव पाळीत दोनदा त्या बोळात उतरत, दिवा विझवत आणि भिंतीकडे बघत. वीट आतून झिजून पातळ झाली की बाहेरून तिच्यावर अंधुक लाल डाग उमटतो. दिव्याच्या उजेडात तो दिसत नाही. बोळात उकाडा इतका की अर्ध्या मिनिटात मिशा करपल्याचा वास येई. डाग दिसला की तिथे गार हवेचा पंखा लावायचा, पाण्याच्या पेट्या बसवायच्या, भट्टीची आच उतरवायची. नाही दिसला तर साठ टन काच बाहेर येते. एवढंच.

विक्रांतने मार खाल्ल्यावर महिनाभर तोंड फिरवलं, पण पोरगा कोत्या मनाचा नव्हता. त्याचे मीटर दोनदा तोंडावर आपटल्यावर, म्हणजे मीटर सगळं ठीक म्हणत असताना दादारावांनी भिंतीवरचा डाग दोनदा पकडल्यावर, तो एका दुपारी दोन कप चहा घेऊन स्वतःच चौथऱ्यावर आला.

"दादाराव, मला पण बघायचंय. शिकवा."

दादारावांनी निळी काच त्याच्या हातात दिली. विक्रांत बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "च्यायला, हा तर सूर्य आहे."

"कोण सूर्य?"

"आत बघा ना. मधली काच तापते, हलकी होते, वर येते. वरून पसरत भिंतीकडे जाते, भिंतीपाशी थोडी निवते, जड होते, भिंतीला घासत खाली जाते. तळातून परत मध्ये. सूर्यात बिल्कुल हेच चालतं."

दादारावांना वाटत होतं सूर्य जळतो, संपलं. चुलीसारखा. विक्रांतने त्यांना त्या दुपारी आणि पुढच्या कितीतरी दुपारी सूर्य उलगडून सांगितला. सूर्याच्या पोटात दीड कोटी अंश आहेत. तिथली उष्णता उजेडाच्या रूपाने बाहेर यायला निघते आणि धक्के खात, मागे फेकली जात, लाखभर वर्षं अडकून पडते. दोन तृतीयांश वाट कशीबशी सरते. पुढे वायू जरा थंड होतो आणि उजेडाला पुढे जाऊच देत नाही. मागून लोट येतच असतो. कोंडमारा होतो. मग तो वायू स्वतःच उसळतो. तिथून वरपर्यंत, दोन लाख किलोमीटर जाडीचा थर नुसता उकळत असतो.

"वरून बघितलं तर सूर्यावर दाणे दिसतात," विक्रांत म्हणाला. "मोठ्या दुर्बिणीतून. भाताला उकळी आली की कसे बुडबुडे फुटतात, तसे. एकेक दाणा केवढा? इथून नागपूरपर्यंत."

"एक दाणा?"

"एक. आणि दहा मिनिटांच्या आत तो मरतो. वर आला, फुटला, बाजूने खाली गेला, जागेवर दुसरा. असे लाखो, सतत. त्याच्या खाली आणखी मोठ्या उकळ्या आहेत, पृथ्वीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, त्या दिवसभर टिकतात. आणि सगळ्यांत मोठ्या, थेट तळापासून वरपर्यंत जाणाऱ्या, त्या आहेत की नाहीत यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत."

दादाराव घरी जाऊन मीराबाईंना म्हणाले, "आपण जीटी एक्सप्रेसनं एक रात्र घालवून नागपूरला जातो ना, तेवढ्या जागेत तिथं एक बुडबुडा फुटतो. आणि आपली गाडी आग्र्याला पोचायच्या आधी तो खलास." मीराबाई म्हणाल्या, "जेवा आधी." पण दादारावांना जेवण सुचत नव्हतं. पंचवीस वर्षं ज्या आगीपुढे उभं राहून त्यांनी मिशा, भुवया जाळून घेतल्या आणि एक डोळा गमावला, तीच आग वर आभाळात होती. त्या राक्षसाशी आपली घरची ओळख निघाली याचा त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला होता. आणि एकच हाव सुटली होती. तो दाणा एकदा बघायचा.

पंच्याण्णवच्या ऑक्टोबरात, दिवाळीत, ग्रहण आलं. दिल्लीत सूर्य जवळजवळ सगळा झाकला जाणार होता. आदल्या दिवशी विक्रांतने दादारावांना काळ्या फिल्मचा एक पुठ्ठ्याचा चष्मा दिला.

"एकच मिळाला. यातूनच बघा हं. ती भट्टीची काच अजिबात नको."

"का? पंधराशे अंश बघतो मी तिच्यातून."

"उजेड अडतो तिच्यात. उष्णता आरपार जाते. आत डोळ्याला दुखत पण नाही, कळणारच नाही तुम्हाला."

दादाराव हसले. अठ्ठावीस वर्षांच्या पोराने आपल्याला आगीकडे कसं बघायचं ते सांगावं, याचं त्यांना हसू आलं. गड्याला सूर्य पुस्तकातून ठाऊक, आपल्याला अंगावरून. असा विचार त्यांनी केला, आणि माणूस जेव्हा असा विचार करतो तेव्हा त्याला धरून गदागदा हलवायला कोणीतरी हवं असतं. तिथे कोणी नव्हतं.

ग्रहणाच्या सकाळी सेक्टरमध्ये कर्फ्यू लागल्यासारखं होतं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, गॅस विझलेले. एकटे दादाराव आपल्या नऊ वर्षांच्या मैत्रीचा हात धरून चार मजले चढून गच्चीवर गेले. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर असलेला माणूस सावलीला घाबरून पलंगाखाली बसणार नव्हता. आणि नुसतं न घाबरणं त्यांना पुरणार नव्हतं. त्यांना ते सगळ्या कॉलनीला दाखवायचं होतं.

समोरच्या खिडकीचा पडदा हलला आणि शेजारीण ओरडली, "भाईसाब, बच्ची को लेकर अंदर जाओ! ग्रहण में आँख चली जाती है!"

"सावली है बहनजी, सिर्फ सावली!" दादाराव गच्चीवरून गरजले. "आप भी आओ, कुछ नहीं होता!"

पुठ्ठ्याचा चष्मा त्यांनी मैत्रीच्या डोळ्यांना बांधला. गाठ दोनदा तपासली, "हात लावशील तर फटके," म्हणाले. आणि स्वतः निळी काच वर धरली.

सूर्य कडेकडेने कुरतडला जात होता. ऊन पांढुरकं झालं, कावळे गोंधळले, हवेत एकदम गारवा आला. दादारावांचा बेत पक्का होता. पुरा सूर्य फार तेजाळ, त्यात दाणा कसा दिसेल? चंद्राने बराचसा झाकला की उरलेल्या कोरीवर उकळी दिसेल. कोर उरली. ते पापणी न हलवता बघत राहिले, भट्टीत बघत तसे, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. एकदा त्यांना वाटलंसुद्धा की कडेला काहीतरी खदखदलं. "दिसलं! मैत्री, दिसलं बघ!" ते ओरडले. दुखलं काहीच नाही. डोळ्यातून पाण्याचा थेंबही आला नाही.

जे दिसलं ते त्यांच्याच डोळ्याच्या पडद्यावर करपत होतं.

संध्याकाळी ते पेपर वाचायला बसले तेव्हा जो शब्द वाचावा तोच नाहीसा होऊ लागला. आजूबाजूचे शब्द जागेवर, मधला गायब. त्यांनी मीराबाईंकडे पाहिलं. मीराबाईंचा पदर दिसला, कान दिसले, केस दिसले. जिथे चेहरा असायला हवा तिथे करड्या धुराचा गोळा. त्यांनी डोळा चोळला, पाण्याचे हबके मारले, पुन्हा पाहिलं. गोळा तिथेच. सूर्यावर जिथे उकळी अडते तिथे काळा डाग पडतो, असं विक्रांतने त्यांना एकदा सांगितलं होतं. ते आता आठवलं आणि त्यांनी समोरचं पितळी ताट उचलून भिंतीवर भिरकावलं. मैत्री रडायला लागली. मीराबाई नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते दादारावांना दिसलंच नाही.

आठ दिवसांनी ते गुपचूप दिल्लीत, पहाडगंजातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून इतक्या लांब. डॉक्टरने दिवा मारून पाहिलं आणि विचारलं, "ग्रहण देखा था?" दादाराव फीचे पैसे मोजू लागले. डॉक्टर म्हणाला थोडं सुधारेल कदाचित, कदाचित नाही. सुधारलं नाही.

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. का नाही सांगितलं? नोकरी जाईल हे तर होतंच. एक डोळा आधीच गेलेला, दुसरा असा. पण मला विचाराल तर खरं कारण वेगळं. शेजारीण म्हणाली असती, बघा, सांगितलं होतं, ग्रहण लागलं. सगळ्या कॉलनीने माना डोलावून पुढच्या ग्रहणाला आणखी घट्ट पडदे ओढले असते. आणि विक्रांत काहीच म्हणाला नसता, नुसता बघत राहिला असता, ते तर त्याहून वाईट. दोघंही आपापल्या परीने बरोबर ठरणार आणि चुकलेले एकटे दादाराव. हे त्यांना गिळवत नव्हतं. त्यांनी आपला आंधळेपणा गिळला.

हळूहळू एक युक्ती सापडली. सरळ बघितलं तर दिसत नाही, पण नजर शेजारी लावली तर डोळ्याच्या कडेला वस्तू अंधुक का होईना दिसते. माणूस बघायचा तर त्याच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघायचं. जिना, बस, ताट, सगळं असं तिरकं जमू लागलं. लोकांना वाटलं, म्हातारा माजलाय, तोंडाकडे बघूनही बोलत नाही. बरोबर काम करणारा गुणवंत एकदा भोळेपणाने म्हणाला, "दादा, तुम्ही आजकाल तिरकं का बघता?" दादारावांनी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर असं आपटलं की त्याचं डोकं खणकन वाजलं. पुन्हा कोणी विचारलं नाही.

आणि याच काळात, नेमका याच काळात, विक्रांतचा दादारावांवर पुरता विश्वास बसला होता. नव्या माणसांना तो चौथऱ्यावर आणून सांगे, "मीटर मला आकडा देतो. भट्टी कशी आहे ते दादाराव सांगतात." दादाराव शेजारच्या खांबाकडे बघत मान डोलवत. फेसाची रेघ आता ते अंदाजाने सांगत, गुणवंत काय म्हणतो ते ऐकून सांगत. पाच महिने निभावलं.

मार्च शहाण्णव. सकाळचे अकरा वाजले असतील. विक्रांत धावत चौथऱ्यावर आला.

"दादाराव, दक्षिणेच्या भिंतीतला मीटर वर चढतोय. तासाभरात चाळीस अंश. मीटर वेडा झालाय की भिंत गेलीय, कळत नाही. आच उतरवायची तर माल दोन दिवस बंद, वर मालक बोंबलणार. तुम्ही बघून या. तुम्ही म्हणाल ते करू."

दादाराव बोळात उतरले. दिवा विझवला. भिंतीचा कोरडा लोट तोंडावर आला. मीटर कुठली जागा दाखवतोय ते ठाऊक होतं, तिसरा खांब, छातीच्या उंचीवर. आणि पंचवीस वर्षांच्या सवयीने, ऐनवेळी, युक्ती विसरून त्यांनी त्या जागेकडे सरळ बघितलं.

काळोख. कुठेही लाल नाही.

मग आठवलं. नजर बाजूला न्यायला हवी. खांबाकडे बघायचं, भिंतीकडे नाही. पण अर्धं मिनिट संपत आलं होतं, भुवया तडतडत होत्या, आणि वरून विक्रांतची हाक आली, "काय दिसतंय?" त्या हाकेत कसलीही शंका नव्हती. ज्याच्यावर कोणी शंका घेत नाही असा माणूस दुसऱ्यांदा बघत नाही. "थांबा, पुन्हा बघतो," हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

"भिंत ठीक है!" दादाराव ओरडले. "मीटर गया तुम्हारा!"

विक्रांत हसला. "चलो, बच गए," म्हणाला आणि मीटर सोडवून बघायला स्वतःच खाली गेला.

वीस मिनिटांनी भिंत फुटली.

आधी एक बोटभर लाल धार आली, मग वीट निखळली आणि धारेचा ओढा झाला. काच पाण्यासारखी धावत नाही. गुळाच्या पाकासारखी, सावकाश, जड येते आणि वाटेत येईल ते पेटवते. लाकडी फळ्या भपकन गेल्या. रबरी नळ्या फुटल्या. जमिनीवर पाणी सांडलं होतं, त्यावर काच पडताच धाडकन वाफ उसळली आणि लाल ढेकळं छतापर्यंत उडाली. माणसं किंचाळत दाराकडे पळाली. भट्टीला तेल पुरवणारा नळ त्या ओढ्यापासून चार हातांवर होता. तो फुटला असता तर दारापर्यंत कोणीच पोचलं नसतं. विक्रांत बोळाच्या तोंडाशी होता. तो बाहेर पळाला नाही, नळाकडे पळाला. दोन्ही हातांनी त्याने तो तापलेला कॉक फिरवला. शेवटचा आटा बसता बसता दुसरा स्फोट झाला आणि पेटत्या काचेचा सडा त्याच्या तोंडावर आला.

दादाराव चौथऱ्यावरून उडी मारून आत घुसले. कुठे चाललोय ते दिसत नव्हतं, किंकाळी ऐकू येत होती. त्यांनी त्याला बखोटीला धरून फरफटत बाहेर आणलं. त्यांच्या स्वतःच्या तळहातांची कातडी त्याच्या शर्टाला चिकटून राहिली.

कारखान्यात दादारावांचा सत्कार झाला. मालकाने शाल घातली. जान पे खेलकर बचाया, असं बोलला. दादाराव पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून बसले होते. उठून ती शाल मालकाच्या तोंडावर फेकावी असं त्यांना वाटत होतं, पण ते बसून राहिले. चौकशी झाली. त्यात ठरलं की इंजिनीयरने मीटरच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं. दादारावांचं नाव कागदावर कुठेच आलं नाही, कारण विक्रांतने ते घेतलंच नाही.

विक्रांत दिल्लीतल्या एका मोठ्या इस्पितळात होता. दादाराव दुसऱ्या महिन्यापासून रोज जाऊ लागले. दोन बस बदलून, स्टुलावर बसून, तासभर. पुण्याहून आलेली त्याची आई पहिल्या दिवशी दारातच घेरी येऊन पडली होती. जिच्याशी लग्न ठरलं होतं ती मुलगी एकदा आली, खाली फरशीकडे बघत दहा मिनिटं बसली आणि गेली. मित्र येत, सलाइनच्या बाटलीकडे बघत बोलत. दादाराव तेवढे त्याच्या तोंडाकडे तोंड करून बसत.

मे महिन्यातल्या एका दुपारी विक्रांत उशांना टेकून बसला होता. मांडीवर वही होती, पट्टीतून बाहेर आलेल्या दोन बोटांत पेन्सिल.

"दादाराव, माझं काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. ओठ नीट मिटत नव्हते, शब्द फाटके येत होते. "तुम्ही बघितलंत तेव्हा भिंत ठीक होती. वीस मिनिटांत फुटली. वीस मिनिटांत काच एवढी वीट खाऊच शकत नाही. मी आतली उकळी दुप्पट धरून बघितली, चौपट धरून बघितली. तरी किमान दिवसभर आधी डाग दिसायलाच हवा होता. महिनाभर हेच मांडतोय. मला शिकवलेलं सगळंच चुकीचं आहे का हो? असेल तर सूर्याबद्दल तुम्हाला जे सांगितलं तेही चूक."

दादारावांनी खाटेवरची चादर उगीचच सारखी केली.

"जाऊ दे," विक्रांत म्हणाला. त्याने वही मिटली. "एक सांगू? आई पण बघत नाही माझ्याकडे. नर्स औषध लावताना दुसरीकडे बघते. आरसा दिला नाही मला अजून कोणी. पण तुम्ही रोज येता आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघता. एकदा पण नजर फिरवली नाहीत. त्यावरच मी उभा आहे, यार. म्हटलं, दादाराव बघू शकतात म्हणजे इतकं वाईट नसणार."

आयुष्यात दादारावांनी आगी झेलल्या, मार दिले, मार खाल्ले. पण यासारखा वार त्यांच्यावर कोणी केला नव्हता. गप्प राहता आलं असतं. गप्प राहिले असते तर पोराला तेवढाच आधार राहिला असता, हेही त्यांना कळत होतं. पण मांडीवर ती वही होती, आणि त्यांच्या एका खोट्यासाठी तो मुलगा महिनाभर सूर्य खोटा ठरवत बसला होता.

"साहेब, मला तुमचं तोंड दिसत नाही," दादाराव म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमचे कान दिसतात. उशी दिसते. खांदे दिसतात. मध्ये काही नाही. जिकडे सरळ बघतो ते मला दिसत नाही."

विक्रांतचा श्वास जोरात ऐकू येऊ लागला.

"कधीपासून?"

"ग्रहणापासून. तुम्ही चष्मा दिला तो मैत्रीला बांधला. मी भट्टीच्या काचेतून बघितलं. तुम्ही नको म्हटलं होतं."

"मग त्या दिवशी भिंत..."

"लाल असंल. मला दिसली नाही. दुसऱ्यांदा बघायला हवं होतं, नाही बघितलं. ठीक आहे म्हणून ओरडलो. तुमचा हिशेब बरोबर आहे, साहेब. सगळा बरोबर आहे."

पेन्सिल फरशीवर पडून खाटेखाली घरंगळली. दादाराव स्टुलावरून उठले आणि खाटेला लागून उभे राहिले. मान पुढे केली. मारा, असं त्यांनी म्हटलं नाही, पण त्यांना तेच हवं होतं. तीन वर्षांपूर्वीची थप्पड व्याजासकट परत मिळाली असती तर तो माणूस तिथे ढसाढसा रडला असता आणि त्याला बरं वाटलं असतं. विक्रांतने हात उचलला. पट्टीतली दोन बोटं दादारावांच्या हनुवटीला लागली आणि त्या बोटांनी ती हनुवटी धरून ठेवली.

"कसं बघितलं की दिसतं तुम्हाला?"

"बाजूला नजर लावली की दिसतं. थोडंसं."

"मग लावा."

"साहेब..."

"मला कोणीतरी खरं सांगायला हवंय, दादाराव. तुम्ही माझं एवढं देणं लागता. बघा, आणि काय दिसतं ते सांगा. भट्टी बघून सांगायचात तसं."

दादारावांनी मान तशीच ठेवली आणि नजर खिडकीकडे नेली, जशी ती आई नेत होती, ती मुलगी नेत होती, नर्स नेत होती. खिडकीत मे महिन्याचं ऊन पेटलं होतं. आणि डोळ्याच्या कडेला, अंधुकशा जागेत, अडीच महिन्यांत पहिल्यांदा विक्रांत पानसेचा चेहरा वर आला. दादारावांनी डोळा मिटला नाही. ते खिडकीकडे बघत राहिले आणि कपाळापासून सुरुवात करून, एकेक करत, दिसेल ते सांगू लागले.